अनुभव धागा : स्लीप ॲप्नियाचे उपचार सुरू करताना दुखणारा जबडा

प्रस्ताव (रत्नागिरी)

स्लीप ॲप्नियामध्ये झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग वारंवार मिटतो. असे प्रसंग ताशी ५ ते १५ असतील तर आजार सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र समजला जातो. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेली, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारी सीपॅपची पद्धत आता कोकणातल्या गावांतही पोहोचली आहे. यंत्राच्या फायद्यांविषयी डॉक्टर सविस्तर सांगतात, परंतु सुरुवातीच्या काळात जबडा का दुखतो आणि त्यावर काय करावे, हे बहुतेकांना एकमेकांना विचारूनच कळते. म्हणून कोणते साधन वापरता, नेमके कुठे दुखते आणि कशाने फरक पडला, हे सर्वांनी लिहावे.

चिपळूण, निवृत्त शिक्षिका

माझा आजार तीव्र असल्यामुळे नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क मिळाला. काही दिवसांतच सकाळी कानाच्या अगदी पुढचा सांधा दुखू लागला आणि जांभई देताना तिथे कट्ट असा आवाज येऊ लागला. दंतवैद्यांनी बोटाने चाचपून कारण सांगितले. या मास्कची खालची कड हनुवटीजवळ टेकते. पट्टे फार आवळले की ती खालचा जबडा मागे रेटते आणि सांध्यावर रात्रभर भार राहतो. जबडा मागे गेला की जीभही मागे सरकते, म्हणजे ज्या अडथळ्यासाठी यंत्र घेतले त्यालाच आपण हातभार लावतो. माझ्या मते ही गोष्ट मास्क देतानाच सांगायला हवी.

मास्क बसवून देणाऱ्या माणसाने मला खुर्चीत बसवून, यंत्र बंद ठेवूनच पट्टे ओढले होते. आडवे झाल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते आणि मास्कची गादी हवेने फुगल्यावरच नीट टेकते. त्यामुळे आता मी पलंगावर पडून, यंत्र सुरू करून पट्टे सैल करते आणि हवा गळायची थांबेल तेवढेच पुन्हा आवळते. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने केवळ नाकावर बसणारा मास्क घेतला. सांध्याचा आवाज अजून अधूनमधून येतो, दुखणे मात्र गेले.

मालवण, मासळीचा व्यवसाय

शिक्षिकाबाईंच्या उलट माझी सुरुवातच नाकावरच्या मास्कने झाली. झोपेत तोंड उघडे, हवा तोंडावाटे निसटे आणि घशाला कोरड पडे, म्हणून हनुवटीचा पट्टा लावण्यास सांगितले गेले. पट्ट्याने तोंड मिटले, पण मी दातांवर दात आवळून झोपू लागलो आणि सकाळी सांधा न दुखता गाल आणि कानशिले ठणकू लागली.

मूळ अडचण नाकात होती. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना बुरशी धरते आणि माझे नाक श्रावण सरेपर्यंत चोंदलेले असते. नाक बंद असताना तोंड उघडणारच, तिथे पट्टा काय करणार? नाक-कान-घसा तज्ज्ञांनी ॲलर्जीवर औषध दिले, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास सांगितले आणि यंत्राचा ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारा भाग, सुरू ठेवायला लावला. (वीज गेली की तो बंद करावा लागतो, कारण पाणी तापवण्यात इन्व्हर्टरची बॅटरी लवकर उतरते; एरवी यंत्र तसेच चालते.) दिवसा ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला अशी सवय लावून घेतली. आता पट्टा लागत नाही.

देवगड, आंबा बागायतदार

माझा आजार मध्यम आहे आणि सीपॅप सोसले नाही, म्हणून दंतवैद्यांनी दातांचे माप घेऊन, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारा माउथपीस करून दिला. त्याचे दुखणे वेगळे असते. जबडा रात्रभर पुढे ओढलेला राहिल्याने सकाळी स्नायू आखडतात आणि वरखालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, जणू कुणी रात्रीत दुसऱ्याचीच कवळी बसवून गेले आहे. पहिल्यांदा मी घाबरलोच. उठल्यावर गालांना कोमट शेक द्यायचा, जबडा हळूहळू मागे आणून दाढा टेकवण्याचा व्यायाम करायचा, असे शिकवले गेले. नाश्त्याच्या वेळेपर्यंत दात जागेवर येतात.

साधन एकदम पुढे न नेता मिलिमीटरच्या अंशांनी न्यायचे असते. मधल्या काळात दुखणे वाढले तेव्हा दंतवैद्यांनी ते एक पायरी मागे घेतले. त्या दिवसांत उकड्या तांदळाची पेज आणि मऊ भात बरा पडला; भाजलेल्या आठळ्या आणि सुका बांगडा बाजूला ठेवावा लागला, याचे दुःख अर्थात निराळे. माउथपीस घालून झोपेची चाचणी पुन्हा करून घ्यावी, कारण घोरणे थांबले म्हणजे श्वास अडखळणे थांबलेच असे नसते.

अलिबाग

आमच्या मामंजींना कवळी आहे. मास्कचे माप कवळी घालून घेतले गेले होते, पण रात्री ती काढल्यावर गाल आत जात, हवा गळे आणि ते पट्टे आवळत. माप कवळी काढून पुन्हा घेतल्यावर जबड्याची तक्रार थांबली.

कुडाळ, दंतवैद्य

वरील अनुभवांत दुखण्याची जागा आणि वेळ दोन्ही सांगितली आहेत, त्यामुळे निदान सोपे होते. स्लीप ॲप्नियाच्या अनेक रुग्णांना झोपेत दात खाण्याची सवयही असते, म्हणून यंत्राला दोष देण्यापूर्वी दातांची झीज पाहून घ्यावी. माउथपीस वर्षानुवर्षे वापरल्यास दातांची बैठक थोडी कायमची बदलू शकते, यासाठी नियमित तपासणी हवी. जबडा अडकणे, तोंड पूर्ण न उघडणे किंवा दात हलणे यांवर घरी उपाय करत बसू नये. जबड्यातील कळेसोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर ते हृदयाचे लक्षण असू शकते. अशा वेळी मास्कचा विचार न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

मालवण, मासळीचा व्यवसाय

दुखते म्हणून काही रात्री यंत्र बंद ठेवले तर चालेल का?

कुडाळ, दंतवैद्य

आपल्या मनाने ठेवू नये. यंत्र बंद असलेल्या रात्री श्वास पूर्वीसारखाच अडतो. झोपेच्या डॉक्टरांना फोन करून मास्क, दाब आणि हवेची गळती तपासून घ्यावी. गळतीची नोंद बहुतेक यंत्रांत असते, तेव्हा भेटीला जाताना मेमरी कार्ड आणि रोज वापरता तो मास्क दोन्ही सोबत न्यावेत.