आशियाई क्रीडा स्पर्धांत कबड्डी केव्हा आली?

प्रश्न (गुहागर): आमच्या वाडीत आजही मातीच्या मैदानावर कबड्डीचे सामने रंगतात. आशियाई क्रीडा स्पर्धांची सुरुवात १९५१ मध्ये आपल्याच देशात झाली असताना तेथे कबड्डीला स्थान केव्हा मिळाले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (मालवण): दिल्लीतील त्या पहिल्या स्पर्धेत ११ देश होते, पण कबड्डीसाठी पदके नव्हती. १९८२ मध्ये दिल्लीतच ती प्रात्यक्षिक खेळ म्हणून दाखवण्यात आली आणि १९९० च्या बीजिंग स्पर्धेपासून तिच्यासाठी पदके दिली जाऊ लागली. तेव्हापासून २०१४ पर्यंतची सातही सुवर्णपदके भारतीय पुरुष संघाने जिंकली, ही गोष्ट आपल्या गावोगावच्या मंडळांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे.

उत्तर (अलिबाग): महिलांची कबड्डी मात्र २०१० मध्ये, ग्वांगझू येथे आली; इतका उशीर व्हायला नको होता, असे मला मनापासून वाटते. २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य आणि महिलांना अंतिम सामन्यात हरवले. इराणची तयारी खरोखरच उत्तम होती. हांगझोऊ येथे २०२३ मध्ये दोन्ही सुवर्णपदके परत आली; महिलांचा चिनी तैपेई म्हणजे तैवानविरुद्धचा अंतिम सामना तर २६-२५ असा अवघ्या एका गुणाने जिंकला.

प्रश्नकर्ता (गुहागर): मनःपूर्वक आभार. ही माहिती आमच्या मुलींच्या संघाला आज संध्याकाळीच वाचून दाखवतो.