माकडांचा तो प्रयोग आणि उंदरांचे अल्सर

माकडांचा दाखला देऊन नेहमी सांगतात की जबाबदारी ज्याच्यावर त्यालाच अल्सर, म्हणजे जठरात जखमा. तो दाखला ब्रेडी या संशोधकांच्या १९५८ च्या प्रयोगाचा: जोडीतल्या दोन्ही माकडांना सारखाच शॉक, पण दांडा दाबून तो टाळायचं काम एकाच माकडाचं, त्याला म्हणायचे 'एक्झिक्युटिव्ह', आणि अल्सर झाले ते त्यालाच. पण त्यात मुळातच पटापट दांडा दाबणारी माकडंच 'एक्झिक्युटिव्ह' म्हणून घेतली होती, म्हणजे दोन्ही गट आधीपासूनच वेगळे, मग तुलना कशी धरायची? नंतर वाइस या संशोधकाने उंदरांवर काय केलं बघा, दोघांच्या शेपटीला सारखाच शॉक, एकाला चाक फिरवून तो टाळता यायचा, दुसरा नुसता सोसायचा, आणि जठरात जखमा जास्त त्या दुसऱ्याच्या. मला मात्र हलवून गेला तो त्याचाच १९७१ चा प्रयोग, ज्यात टाळायला चाक फिरवलं तरी लगेच छोटा शॉक बसायचा, म्हणजे केलं तरी मार नाही केलं तरी मार, आणि तिथे चाकवाल्याचंच पोट जास्त सोललं गेलं. फार वाईट वाटतं हो त्या जिवाचं.