मदत हवी आहे: मराठी प्रश्नावलीत उलटी विधाने फसतात

कॅसिओपो, पेटी यांची 'नीड फॉर कॉग्निशन' (विचार करण्याची आवड किती, हे मोजणारी) मोजपट्टी (१९८४ ची १८ विधानांची आवृत्ती) अकरावी-बारावीच्या मुलांवर वापरायची आहे. नवी माहिती वाचताना कोण मुद्द्यात दम आहे का ते बघतो आणि कोण सांगणाऱ्याच्या नावावर विसंबतो, हे या आवडीशी जोडून तपासायचे आहे.

अडचण १८ पैकी ९ उलट्या विधानांची, म्हणजे जिथे 'सहमत' म्हटले की आवड कमी ठरते आणि म्हणून गुण उलटे मोजावे लागतात. 'विचार करण्यात मला मजा वाटत नाही' याच्याशी असहमत व्हायचे म्हणजे नकाराला नकार. त्यात आपण 'येणार नाहीस ना?' ला 'हो, नाही येणार' म्हणणारी माणसे! ६० जणांच्या चाचणीत सरळ ९ विधानांचा अल्फा (विधाने एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.७ च्या वर आला, उलट्यांचाही. पण गुण उलटवल्यावर दोन्ही गटांत सहसंबंध जवळजवळ शून्य. म्हणजे मुले दोन्हीकडे 'सहमत' करत सुटली असावीत.

गुण उलटवण्याचे सूत्र दोनदा तपासले आहे. उलट-भाषांतर (मराठीतून परत इंग्रजीत) दोघांकडून करून घेतले. पाचही पर्यायांना शब्द दिले. काही ठिकाणी 'नाही' काढून 'कंटाळा येतो' घातले, तिथे थोडा फरक पडला.

छापील कागद, १५ मिनिटे, अंतिम नमुना साधारण २४०. विश्लेषण 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये.

फक्त सरळ ९ ठेवली तर होकाराची सवय गुणांत मिसळेल. मग १८ ठेवून उलट्या विधानांसाठी वेगळा पद्धत-घटक (उलट्या मांडणीमुळे उत्तरांत येणारा फरक विश्लेषणात वेगळा काढणारा) धरावा, की दोनच उलटी विधाने असलेली २०२० ची ६ विधानांची आवृत्ती घ्यावी? आणि पहिला मार्ग घेतल्यास २४० चा नमुना पुरेल का?