भाकरी तव्यावर भाजली की विष उरत नाही?

कुणीतरी लिहिलंय की बुरशी लागलेलं धान्य ऊन दाखवून, दळून, भाकरी नीट भाजली की खायला हरकत नाही. बुरशी मरते हे खरं, पण तिने दाण्यात सोडलेलं विष जागेवरच राहतं. अफ्लाटॉक्सिन हे असंच एक बुरशीचं विष, ते नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याला दाद देत नाही. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन कावीळ, पोटात पाणी होऊन शंभराच्या वर माणसं गेली. त्याच घरांतली कुत्रीही आजारी पडली होती.

पण या विषाची चर्चा मका-शेंगदाण्यावरच अडकलीय, ज्वारीचं कुणी बोलत नाही. १९९५ मध्ये दख्खनच्या काही गावांत अवकाळी पावसात सापडलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. कारण फ्युमोनिसिन, म्हणजे फ्युजेरियम बुरशीचं विष. ते धान्य खाणं थांबवल्यावर लोक बरे झाले. आमच्या नागपूरकडे खरीप ज्वारी कणसात असताना परतीचा पाऊस आला की दाणे काळे पडतात, काहींवर गुलाबीसर पांढरी लव दिसते. कळमन्याच्या धान्यबाजारात असा माल भाव पाडून मागतात. मग तोच घरी खायला ठेवायचा आणि चांगला विकायचा, हे सर्रास चालतं. जनावरांना घालणं हाही काही उपाय नाही, दुभत्या गाईला अफ्लाटॉक्सिनवाली ढेप, म्हणजे पेंड, घातली की त्याचा अंश दुधात उतरतो. पाखडून-निवडून काळे, पोचट, फुटके दाणे काढले तर विष बरंच कमी होतं, पण जुड्या ओल्या असतानाच गंजी लावली तर निवडायला उरतं काय?