मदत हवी आहे: मुगाच्या रोपांना लँथेनम देताना फॉस्फेटचं काय करायचं?

नमस्कार मंडळी, एमएस्सी बॉटनीच्या प्रोजेक्टसाठी मुगाच्या रोपांवर लँथेनम नायट्रेटचा परिणाम बघतेय (लँथेनम हा एक रेअर अर्थ धातू). चीनमध्ये रेअर अर्थ खतं कित्येक वर्षं वापरतात, थोड्या डोसला वाढ सुधारते आणि जास्त झाला की मुळं खुंटतात हे वाचलंय, कारण लँथेनमचा आयन आकाराने कॅल्शियमच्या जवळपास असल्यामुळे तो पेशीत कॅल्शियम आत घेणारे चॅनल (मार्ग) अडवतो.

अडचण अशी की होगलँड सोल्युशनमध्ये (रोपं मातीशिवाय वाढवायचं पोषक द्रावण, त्यात फॉस्फेटही असतं) लँथेनम टाकलं की पाणी दुधाळ होतं आणि तळाला पांढरा साका बसतो, म्हणजे फॉस्फेटबरोबर ते खालीच बसतंय, मग मुळांना नेमकं मिळतंय किती? जास्त डोसच्या रोपांची मुळं आखूड, जाड आणि टोकाला तपकिरी झालीत, पण हा लँथेनमचा परिणाम की फॉस्फरस कमी पडल्याचा?

फॉस्फेट फवारणीतून द्यावं की एक दिवस फॉस्फेट, एक दिवस लँथेनम असं आलटूनपालटून? कुणी केलंय का? शिवाय मुळांवर नुसतं चिकटलेलं लँथेनम धुवायला ईडीटीए (धातूंचे आयन पकडून ठेवणारं रसायन) चालेल का?

आणि पुण्या-मुंबईत विद्यार्थ्यांना परवडेल अशा दरात आयसीपी-एमएस (नमुन्यातले धातू सूक्ष्म प्रमाणातही मोजणारी चाचणी) कुठे करून मिळेल तेही प्लीज सांगा, पानांपर्यंत किती पोचलं हे मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाहीये.