शिकारीचं मांस वाहायला सॅक कुठली घ्यावी?

गुहागरकर: मंडळी, सप्टेंबरात अमेरिकेत कोलोरॅडोला मेहुण्याकडे जातोय, त्याच्याकडे एल्कच्या (तिकडचं मोठं हरीण) शिकारीचं लायसन्स आहे, माझं काम फक्त मांस डोंगरातून खाली आणायचं. सह्याद्रीत वापरतो ती ६० लिटरची सॅक चालेल का, की कडक सांगाड्याची, फ्रेमवालीच घेऊ?

दर्यावर्दी: ती नको रे, फ्रेमवालीच घे. हाडं काढली तरी मोठ्या एल्कचं ८०-९० किलो मांस भरतं, म्हणजे दोघांना फेऱ्या माराव्याच लागणार. फ्रेम आणि पिशवीच्या मधे मांस ठेवायची जागा असते ती आहे का बघ, वजन पाठीला चिकटून, वरच्या बाजूला बसलं पाहिजे, खाली लोंबलं की उतारावर मागे खेचतं. आणि कमरपट्टा! दुकानात २५-३० किलो भरून चालून बघ, पट्टा कमरेच्या हाडावरून घसरला तर ती सॅक सोडून दे, मग लिटर कितीही असू देत.

मालवणची वहिनी: भावोजी, प्लास्टिकात भरू नका हां, आत उष्णता कोंडून मांस खराब होतं. हवा खेळेल अशा सुती पिशव्या घ्या, आधी सावलीत टांगून गार होऊ द्या.

गुहागरकर: थँक्स वहिनी. परत आल्यावर इकडे सॅकचा काय उपयोग?

दर्यावर्दी: शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, पण कलमांच्या उतारावरून हापूस उतरवायला झकास.