गाण्याचा आणि साउंड सिस्टीमचा नाद तुम्हाला नेमका लागला कुठून?

निवांत_ऐक:
मंडळी, मामांचं घर आवरताना माळ्यावर जुना फिलिप्सचा रेकॉर्ड प्लेअर आणि ढीगभर तबकड्या निघाल्या, वसंतराव, भीमसेनजी, बाबूजी, बरंच काही आहे. भाची अकरावीत आहे, दिवसभर फोनच्या स्पीकरवर गाणी चालू, ती एकदम म्हणाली हे लावून दाखव. मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. पण त्याआधी कुतूहल म्हणून विचारतो, तुम्हा लोकांना हा नाद लागला कसा? आधी गाणं की आधी डबे, म्हणजे ही यंत्रं?

टेपवाला:
आधी डबा, सरळ कबूल 😄 काका मस्कतला होते. ८०च्या दशकात गल्फमधून येणारा जो तो नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) घेऊन यायचा तसा त्यांनीही आणला, आणि ते असेपर्यंत आम्हाला हात लावायची बंदी. ते परत गेले की रान मोकळं. एका कॅसेटचा आवाज कोंदट यायचा, तर गल्लीतल्या रेडिओ रिपेअरवाल्याने दाखवलं की हेडच्या, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाच्या, बाजूला एक छोटा स्क्रू असतो, तो जरासा फिरवून हेड टेपला बरोबर काटकोनात आणला की झांजा, घुंगरू सगळं मोकळं होतं. गाणं तेच, कॅसेट तीच! झालं, तिथून जो किडा चावला तो चावलाच. मग हेड पुसायला स्पिरिट-कापूस, भारीतल्या क्रोमच्या कॅसेटी, शनिवारी मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकान. ते २०१६ मध्ये बंद झालं, आता तिकडून जायलाच नको वाटतं.

कर्णा_कोल्हापूर:
आमचं घराणं मंडपवाल्याचं 😂 गणपतीत त्याच्या मागं मागं हिंडायचो, अहुजाचा अँप्लिफायर, झाडावर कर्णा बांधायचा आणि सकाळी सकाळी भजनं. आता कर्ण्याला खालचा आवाज झेपतच न्हाई, त्यामुळं तबल्याची नुसती चाट ऐकू यायची, डग्गा गायब. पुढं पुण्यात हॉस्टेलला असताना मित्राच्या घरी सोनोडाइनचे मोठे स्पीकर बॉक्स होते, त्यावर तेच भजन लागलं आणि डग्ग्याचा घुमारा थेट छातीत. म्हटलं आयला, हे रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यापासनं होतं व्हय? त्या रात्री सगळी पाठ असलेली भजनं परत ऐकली राव.

खडूस_श्रोता:
सगळे डबेच सांगताय. आमच्याकडे मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ, एकच स्पीकर, तो तापेपर्यंत वाट बघायची, आणि त्यावर आकाशवाणीने जे कान तयार केले ते कुठल्याही लाखाच्या सिस्टीमने केले नसते. नंतर पुण्यात रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सव, तेव्हा रात्रभर चालायचा, घोंगडी घेऊन बसायचो. आणि ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करणारे लोक होते हो, ते खरखरीतूनही कळतात. भाचीला आधी एखाद्या बैठकीला न्या, मग काय ते विकत घ्या.

टेपवाला:
खडूसकाका मान्य, पण पोरगी स्वतःहून तबकडी लाव म्हणतेय, तिला आता बैठकीची वाट कुठे बघायला लावता. निवांत, आधी सुई बघा. झिजलेली असेल तर तबकडीच्या खाचा खरवडून काढेल. आणि ढिगात जड, ठिसूळ लाखेच्या तबकड्या असतील तर त्या ७८च्या, त्यांची सुई वेगळी जाड असते, एलपीच्या (नंतरच्या, हळू फिरणाऱ्या तबकड्यांच्या) सुईने त्या वाजवू नका. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, मॅग्नेटिक असेल तर त्याचा बारीक आवाज वाढवणारा फोनो प्रीअँप लागेल, नाहीतर आवाज किडका येतो आणि बास बेपत्ता.

निवांत_ऐक:
सुईला बारीक दांडी आहे, ती उलटी फिरते, एका बाजूला ७८ लिहिलंय दुसऱ्या बाजूला एलपी.

टेपवाला:
मग कार्ट्रिज बहुतेक सिरॅमिक, प्रीअँप नको, अँप्लिफायरच्या ऑक्सला, म्हणजे साध्या इनपुटला चालून जाईल. पण ते सुई धरणारे हात जरा जड असतात, म्हणून नवी सुई मिळेपर्यंत, खराब झाली तरी चालेल अशीच एखादी एलपी लावा. वसंतरावांना हात लावू नका.